चिमण्यांनी नेलेल्या अक्षता

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा.

घरातल्या उपकरणांची पूजा साडेनऊला आटोपली. क्रम मी आखून दिला होता: आधी पुस्तके, मग लेखणी, विळी, शिवणयंत्र आणि शेवटी संगणक. निशाचे म्हणणे, संगणक पहिला. "ताई, यंदा सगळं काम त्याच्यावर चाललंय. मान त्याचा." मी म्हटले, मान कामावर ठरत असेल तर विळीचा हक्क आधी पोहोचतो. तिने विळी आधी मांडली. याचा अर्थ तिला पटले असा मात्र नव्हे.

पूजेवर माझा विश्वास नाही. जे करायचे ते नीट करावे, यावर आहे. निशाने संगणकाच्या उभ्या पेटीसमोर स्टुलावर चार अक्षता टाकल्या आणि हात जोडले. मी तिला थांबवले. अक्षता वस्तूला वाहतात, वस्तूच्या शेजाऱ्यांना नव्हे. मग मी स्वतः मूठभर अक्षता पेटीच्या माथ्यावर, जाळीच्या बरोबर मधोमध वाहिल्या. वर झेंडूचे फूल आणि आपट्याचे पान ठेवले. असे करायचे असते.

ही वही आजपासून मुद्दाम सुरू करत आहे, कारण निशाच्या कामाचा हिशेबशीर वृत्तान्त कोणीतरी ठेवायला हवा. निशा माझी धाकटी बहीण, वय अडुसष्ट. यजमान गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षे, माझ्याकडे राहते. धायरीच्या शेफाली नावाच्या मुलीसाठी ती माझे 'अनुमानाची पायवाट' हे पुस्तक मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करत आहे. शेफालीला दिसत नाही. तिचा एम. ए.चा एकच पेपर राहिला आहे, भारतीय तर्कशास्त्राचा, आणि तो दहा नोव्हेंबरला आहे. तो सुटला तर ज्या कनिष्ठ महाविद्यालयात ती तात्पुरती शिकवते तेथे तिची नेमणूक पक्की होईल. न सुटल्यास जागा दुसऱ्या कोणाला जाईल. या विषयावर मराठीत इतरही पुस्तके आहेत. शेफालीच्या मते माझे 'बोलल्यासारखे' आहे.

पुस्तक १९९१ साली निघाले. त्याच्या शंभरएक प्रती अजून माझ्या पलंगाखाली आहेत. अकरा प्रकरणांपैकी तीन सप्टेंबरात झाली. मला या उपक्रमाबद्दल विशेष काही वाटत नाही. उच्चार शुद्ध राहावेत म्हणून मी रोज शेजारी बसते, एवढेच.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

सकाळी निर्माल्य काढताना पेटीवर फूल मिळाले, पान मिळाले, अक्षता मात्र पाच-सहाच. खिडकी उघडी राहिली होती. अक्षता आपोआप नाहीशा होत नाहीत. तेव्हा त्या कोणीतरी खाल्ल्या. उंदीर असता तर लेंड्या दिसल्या असत्या. पाखरू, आणि तेही पेटीवर बसून तांदूळ टिपणारे, म्हणजे चिमण्या. चिमण्यांचा आवाज मी गेल्या सहा-सात वर्षांत ऐकलेला नाही, आणि त्या कर्वेनगरातून गेल्या असे धरून चालले होते. परतल्या असतील तर आनंदच आहे. खिडकीत पाण्याची वाटी ठेवली.

चौथे प्रकरण सुरू केले. अडतिसाव्या मिनिटाला संगणक एकाएकी बंद पडला. पडदा काळा, दिवा विझलेला. वाचलेले सगळे गेले, कारण मधे थांबून जतन करायचे नाही असा माझा नियम आहे. युक्तिवाद अखंड ऐकला गेला पाहिजे.

"ताई, हे मधूनमधून टिकटिक करतंय का गं?"

"घड्याळ असेल."

"घड्याळ हॉलमध्ये आहे."

संगणक पुन्हा चालू झाल्यावर मी पेटीपासून हातभर अंतरावर बसून दहा मिनिटे लक्षपूर्वक ऐकले. नोंद: कोणताही आवाज नाही.

रविवार, ५ ऑक्टोबर

निशाने वेग वाढवून चौथे प्रकरण छत्तीस मिनिटांत बसवले आणि शेफालीला पाठवले. पाचवे मात्र तिसाव्या मिनिटाला गेले. निशा "गेलं गं बाई" म्हणून कपाळाला हात लावते. मी वेळ टिपून घेते. दोघींपैकी एकीचा उपयोग होतो.

सोमवार, ६ ऑक्टोबर

तीनदा बंद. पहिला तर्क वीजपुरवठ्याचा. वायर दुसऱ्या खोलीतल्या प्लगला लावली, मिक्सर आणि इस्त्री बंद ठेवली. फरक नाही. दुसरा तर्क वेणूबाईंचा. त्या सकाळी फरशी पुसतात, पोछ्याचा धक्का वायरीला लागत असावा. त्यांना चार दिवस त्या खोलीत येऊ नका म्हणून सांगितले.

"माझ्यामुळं बंद पडतंय व्हय?" त्या म्हणाल्या. "मग मी नसताना चालू राहील. लिहून ठेवा बाई, तुमच्या त्या वहीत."

लिहून ठेवले. जाताना म्हणाल्या, "स्टुलाखाली लाल तांदूळ सांडलेत. कोण तांदूळ निवडतं हितं?" चिमण्या खाताना निम्मे सांडतात, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी वाटीतल्या पाण्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

बुधवार, ८ ऑक्टोबर

वेणूबाई दोन दिवस आलेल्या नाहीत त्या खोलीत, आणि संगणक पाच वेळा बंद पडला. त्यांची क्षमा मागितली. "असू द्या," म्हणाल्या, पण आवाज मोठा करून, जणू मी दूर उभी होते.

एक प्रयोग केला. संगणक आजवर प्रत्येक वेळी माझे पुस्तक वाचतानाच बंद पडला आहे. संबंध असण्याची शक्यता मला शून्य वाटते, परंतु वाटणे हा पुरावा नव्हे. म्हणून निशाला रद्दीतल्या वर्तमानपत्रातील विवाहविषयक जाहिराती वाचायला लावल्या. तिने त्या फार रंगवून वाचल्या. सत्ताविसाव्या मिनिटाला, 'निर्व्यसनी, स्वतःचा फ्लॅट' येथे संगणक बंद पडला. निष्कर्ष: मजकुराचा दोष नाही. मला हायसे वाटले, याची प्रामाणिकपणे नोंद करते.

निशा म्हणाली, "फोनवर करूया का रेकॉर्ड?" करून पाहिले. नवव्या मिनिटाला फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही. निशाने जपून ठेवलेल्या शुभप्रभातीच्या हजारो चित्रांपैकी एकही पुसायला ती तयार नाही.

"माणसांनी प्रेमानं पाठवलंय ते, ताई."

"त्यातली तीन मी पाहिली. तिन्हींत एकच गुलाब आहे."

"गुलाब एक असला तरी माणसं वेगळी आहेत ना!"

या युक्तिवादात त्रुटी आहे. ती नेमकी कुठे आहे ते अजून सापडलेले नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबर

कोपऱ्यावर संगणक-दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या भाग्यश्रीबाई आल्या. चाळिशीच्या, मूळच्या यवतमाळकडच्या. कारखान्यात सर्किटे जोडण्याचे काम आठ वर्षे केले आणि मग स्वतःचे दुकान थाटले. आल्या आल्या म्हणाल्या, "मॅडम, चार वेळा बेल वाजवली जी. मले वाटलं, गावाला गेल्या काय."

तर बेलही नादुरुस्त आहे. एकाच घरात, एकाच महिन्यात, दोन यंत्रे. बेल मी स्वतः जाऊन दाबली. मला काही ऐकू आले नाही, यावरून बिघाड सिद्ध झाला. निशाचा मिक्सर तोवर थांबला होता; ती स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली, पण ती हल्ली फार हळू बोलते.

भाग्यश्रीबाईंनी पेटीवर तळवा टेकला. "बाप्पा! किती तापून राहिला हा. उघडून पाहतो मी." त्यांच्याकडे बायकाही 'पाहतो' म्हणतात.

मी विचारले, "उघडण्याचं कारण?"

"काय झालं ते पाहायचं, हेच कारण."

"ते कारण नव्हे, ती उत्सुकता. आत काय सापडेल ते आधी सांगा, मग उघडा."

"ते मले उघडल्याबिगर कसं समजन, मॅडम?"

येथे आमचे गाडे अडले. माझी बाजू भक्कम आहे. पेटीच्या मागे दुकानदाराचे लेबल चिकटवलेले आहे: काढल्यास हमी रद्द. हमी डिसेंबरच्या मध्यापर्यंत आहे. आणि ज्याने विकला तो दुकानदार म्हणतो, दिवाळीची गर्दी आहे, तीन आठवडे ठेवून जा. तीन आठवडे आम्हांला परवडणारे नाहीत. तेव्हा न उघडता निदान करणे हाच एक मार्ग उरतो. तापण्याबद्दल विचाराल तर ऑक्टोबरात पुण्यातले सगळेच तापते.

सोमवार, १३ ऑक्टोबर

भाग्यश्रीबाईंना न उघडता तपासण्याची परवानगी दिली. त्या पेटी रिक्षातून, सीटवर आडवी निजवून घेऊन गेल्या. संगणकाची स्मृती, ज्याला त्या रॅम म्हणतात, तपासणारा कार्यक्रम त्यांनी दुकानात सहा तास चालवला. पेटी टेबलावर आडवीच होती. एकदाही बंद पडली नाही!

संध्याकाळी परत आणून दिली. "एकदम मस्त चालून राहिला, मॅडम." आम्ही ती स्टुलावर उभी केली. पंचविसाव्या मिनिटाला बंद.

याचा सरळ अर्थ असा की दोष संगणकात नसून आमच्या घरात आहे. हा निष्कर्ष मला पटत नाही. पण त्यातून सुटायला वाट दिसत नाही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

आज विशेष काही नाही. म्हणजे सहा वेळा.

रविवार, १९ ऑक्टोबर

मी एक नियम मागे घेतला. आता दर दहा मिनिटांनी वाचन थांबवून जतन करायचे. निशाने हे पहिल्याच दिवशी सुचवले होते. तिने त्याची आठवण करून दिली नाही, आणि हे मला आठवण करून देण्यापेक्षा जड गेले.

पाचवे आणि सहावे प्रकरण असे तुकड्यातुकड्यांनी पूर्ण झाले. पण बंद पडण्याच्या मधला काळ आता बारा मिनिटांवर आला आहे, आणि बंद पडल्यावर तासभर तो उठत नाही. पाच प्रकरणे बाकी, तीन आठवडे बाकी, मधे दिवाळी. निशाचा घसा बसला आहे. चकल्या तळताना ती खुणांनी बोलत होती. तिच्या खुणा मला तिच्या बोलण्यापेक्षा स्पष्ट कळतात, असे मी म्हटले. तिने झारा खाली ठेवला आणि खुणेनेच माझ्या टेबलाचा खालचा ड्रॉवर दाखवला.

त्या ड्रॉवरमध्ये काय आहे ते आम्हां दोघींना माहीत आहे. जूनमध्ये डॉक्टरांनी दिलेली ती वस्तू वापरण्याची गरज सिद्ध झालेली नाही. विषय संपला.

शनिवार, २५ ऑक्टोबर

भाऊबीज झाली. निशाला घशातून शब्द फुटत नाही, आणि संगणक आज दोन मिनिटे चालला. अखेर सातवे प्रकरण मी शेफालीला फोनवरून प्रत्यक्ष वाचून दाखवले. फोनचा स्पीकर लावून, मोठ्या आवाजात. हे प्रकरण उपाधीविषयी आहे. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे म्हणता येत नाही, कारण धुराला सरपण ओले असावे लागते. अनुमान करणाऱ्याच्या नजरेतून सुटलेले हे ओले सरपण म्हणजे उपाधी.

मी विचारले, "समजलं?"

"समजलं मॅडम, पण राहणार नाही डोक्यात. मला एकेक पान दहा-दहा वेळा ऐकावं लागतं. एकदा ऐकून पाठ होईल इतकं सोपं लिहिलेलं नाहीये तुम्ही."

"ते बोलल्यासारखं आहे असं तूच म्हणाली होतीस."

"हो. पण तुम्ही बोलता तसं."

निशा तोंडाला पदर लावून हसत होती. हसायला घसा लागत नसावा.

एक लिहिते. ते प्रकरण मी चौतीस वर्षांपूर्वी लिहिले. त्यानंतर ते कोणी दहा वेळा वाचले असेल, असे मला वाटत नाही.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

अकरा दिवस उरले आहेत. आज दुपारी शेफालीचा फोन आला. ती काय म्हणाली ते होता होईल तितके शब्दशः लिहिते, कारण पुढचे सर्व त्यावर उभे आहे. स्पीकरवर असूनही काही शब्द मला निशाने पुन्हा सांगितले.

"मॅडम, एक विचारू? निशामावशींच्या रेकॉर्डिंगमध्ये मागं एक आवाज येतो. सुपात तांदूळ पाखडताना एखादा दाणा काठाला लागतो ना, तसा. टिक. मग थोड्या वेळानं टिक, टिक. आमची आजी पाखडते तेव्हा अगदी असाच येतो."

निशा घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मी सांगत होते!"

मी म्हटले, दृष्टी नसलेल्यांची श्रवणशक्ती तीक्ष्ण असते म्हणून तुला जाणवले असेल.

"तसं काही नसतं मॅडम," शेफाली म्हणाली. "माझे कान चारचौघांसारखेच आहेत. तेच तेच तीस वेळा ऐकलं की कुणालाही कळेल. ज्याला ऐकू येतं त्या कुणालाही."

मागून तिच्या आजीचा प्रश्न, "कोण हाय गं?", आणि शेफालीचे उत्तर, "पुस्तकाच्या बाई."

मग मुलीने योग्य तोच प्रश्न विचारला. पहिल्या तीन प्रकरणांत तो आवाज नाही. चौथ्यात आहे. तर तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे काय झाले?

तिसरे प्रकरण सप्टेंबरच्या अखेरीस संपले. चौथे पाच ऑक्टोबरला पूर्ण झाले. मधे काय झाले हे आठवणीवर सोडण्याची गरज नव्हती. मी ही वही उघडली आणि पहिले पान वाचले.

'मग मी स्वतः मूठभर अक्षता पेटीच्या माथ्यावर, जाळीच्या बरोबर मधोमध वाहिल्या.'

हस्ताक्षर माझे आहे. वाक्यरचना निर्दोष आहे. साक्षीदार विश्वसनीय असेल तर त्याचे म्हणणे प्रमाण मानावे, असे पाचव्या प्रकरणात मीच लिहिले आहे. जाळी म्हणजे छिद्रे. छिद्रांवर ठेवलेला तांदूळ खाली जातो, त्याला चिमणी लागत नाही. खाली पंखा आहे, हे मला संगणक विकत घेतला त्या दिवशी सांगण्यात आले होते. दाणा पंख्याच्या पात्याला लागतो तेव्हा टिक होते, पंखा अडतो तेव्हा पेटी तापते, पेटी तापते तेव्हा बंद पडते. दुकानात पेटी आडवी होती, दाणे पंख्यापासून घरंगळून बाजूला गेले, ती सहा तास चालली. घरी आम्ही तिला उभी केली. स्टुलाखालचे लाल तांदूळ वेणूबाईंनी दाखवले, टिकटिक निशाने सांगितली, ताप भाग्यश्रीबाईंनी. तिघींना मी तीन उत्तरे दिली आणि तिन्ही सुरेख होती.

शेफालीला पहिल्या दोन दिवसांच्या नोंदी वाचून दाखवल्या आणि म्हटले, "दोष सापडला. मी केला."

ती म्हणाली, "आता सातवं प्रकरण रेकॉर्ड होऊन कधी येईल, मॅडम?"

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

लेबल मी स्वतःच्या हाताने काढले. हमी रद्द. भाग्यश्रीबाईंना उघडण्याचे कारण रीतसर सांगितले आणि आत काय सापडेल तेही आधी सांगितले. त्यांनी चार स्क्रू काढले, झाकण सरकवले, आत वाकून पाहिले आणि तशाच वाकलेल्या म्हणाल्या, "मॅडम, भातच लावायचा होता तं कुकर नव्हता काय घरी?"

एकूण एकतीस दाणे, कुंकवासह. झेंडूच्या तीन पाकळ्या. एक दाणा पंख्याच्या पात्याखाली असा रुतला होता की त्याचे टोक झिजून पांढरे झाले होते. त्यांनी तो चिमट्याने काढून माझ्या तळहातावर ठेवला. निशाने माथ्यावरून हात फिरवावा तसा पेटीवरून फिरवला. "बिचारा, महिनाभर पूजा सोसत होता."

झाकण लावून पेटी उभी केली आणि ध्वनिमुद्रण सुरू करून विवाहविषयक जाहिराती मी स्वतः वाचायला घेतल्या. दोन तासांनी आम्हीच कंटाळून बंद केली.

भाग्यश्रीबाई निघताना म्हणाल्या, "पुढच्या दसऱ्याला मले बोलवा जी. पूजा मी सांगतो."

रविवार, २ नोव्हेंबर

निशाचा घसा अजून बरा नाही. डॉक्टर म्हणतात, आठवडाभर मौन. म्हणून सातव्यापासून पुढची पाच प्रकरणे मीच वाचायची असे ठरले. सातवे आज संपवून पाठवले. शेफालीचा निरोप आला, निशाने वाचून दाखवायच्या ऐवजी फोनच माझ्या हातात दिला:

'मॅडम, खूप छान. फक्त आवाज फार मोठा येतोय. शेजारच्या रविराजकाकांनी विचारलं, घरात भांडण चाललंय का.'

मला माझा आवाज नेहमीसारखा वाटला होता. याआधी सगळ्यांचे आवाज मला लहान वाटत होते: निशाचा, भाग्यश्रीबाईंचा, बेलचा. या सर्व घटनांना वेगवेगळी कारणे मी दिली होती. एकच कारण सर्वांना पुरते, आणि ते पुरत असताना अनेक मानणे हा दोष आहे. तो मी विद्यार्थ्यांच्या पेपरांत नोकरीभर लाल शाईने दाखवत आले.

खालचा ड्रॉवर उघडला.

सोमवार, ३ नोव्हेंबर

ते यंत्र कानात घालून अर्धा तास झाला. हॉलमधले घड्याळ झोपायच्या खोलीपर्यंत ऐकू येते. निशाच्या बांगड्या वाजतात. फ्रीज गुरगुरतो. संगणकाच्या पंख्याचा आवाज येतो. सलग, मऊ, टिकटिक नसलेला.

खिडकीबाहेर एक चिवचिवाट होता. सोसायटीच्या मागच्या बोगनवेलीत. मी खिडकीशी गेले. आठ-दहा चिमण्या असाव्यात.

मी म्हटले, "निशा, चिमण्या खरंच परतल्या."

तिने पाटीवर लिहिले, कारण तिचे मौन आहे: 'त्या कुठं गेल्याच नव्हत्या ताई. रोज असतात. तू'

पुढचे तिने लिहिले नाही. पाटी पुसली आणि चहा ठेवायला गेली.

नोंद: चिमण्या येथे आहेत हा तीन ऑक्टोबरचा माझा निष्कर्ष खरा होता, त्यासाठी दिलेले कारण खोटे होते. असे होऊ शकते याचा इशारा मी नवव्या प्रकरणात दिलेला आहे. उदाहरण मात्र इतके चांगले नव्हते.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

अकरावे प्रकरण आज सकाळी पूर्ण. संगणक पाच दिवसांत एकदाही बंद पडला नाही. आता वाचताना मला माझा आवाज ऐकू येतो. पूर्वी मी वर्गातही इतक्या जोराने बोलत असेन काय, असा प्रश्न पडला. निशाने पाटीवर लिहिले, 'हो.'

सोमवार, १० नोव्हेंबर

पेपर झाला. शेफाली केंद्रातून बाहेर पडताच तिचा फोन आला.

"मॅडम, उपाधी सोदाहरण स्पष्ट करा, आला होता! मी ओलं सरपण नाही सांगितलं लेखनिकाला. ते सगळेच लिहितात."

"मग काय लिहिलंस?"

"अक्षता नाहीशा झाल्या, म्हणजे पाखरांनी खाल्ल्या. हे अनुमान कधी खरं? खालची वस्तू भरीव असेल तेव्हाच. खाली जाळी असेल तर नाही. भरीवपणा ही उपाधी."

मी ते उदाहरण मनात दोनदा उलटसुलट तपासले. निर्दोष आहे. पुस्तकाची पुढची आवृत्ती निघाली तर सातव्या प्रकरणात घालायला हवे.

मी विचारले, "हे अनुमान कुणी केलं म्हणून लिहिलंस?"

"एका विदुषीनं."

"एवढंच?"

"एका विदुषीनं, घाईत."

निशाचे मौन काल संपले. ती पोट धरून हसली, आणि ते मला सगळेच्या सगळे ऐकू आले.

मंगळवार, ६ जानेवारी

निकाल काल लागला. अडुसष्ट गुण. नेमणुकीचे पत्र महाविद्यालय पुढच्या आठवड्यात देणार आहे. शेफाली आणि तिची आजी आज पाच वाजता पेढे घेऊन येणार आहेत. आजींना ती सुपातल्या तांदळाची हकीकत माझ्या तोंडून ऐकायची आहे, असा निरोप आहे. त्यात माझी बाजू कमकुवत आहे, तरी मांडीन.

पलंगाखालच्या प्रती निशाने बाहेर काढून पुसून ठेवल्या आहेत. शेफालीच्या वर्गात बारा मुले हा विषय घेणार आहेत म्हणे. संगणकाला मी पातळ सुती कापड शिवले आहे, दसऱ्यापुरते, अक्षता पडण्याआधी माथ्यावर घालायला. बेल दुरुस्त करायला माणूस बोलावला होता, त्याला येऊ नको म्हणून कळवले.

पाच वाजायला दहा मिनिटे आहेत. निशा आत कांदेपोहे परतते आहे आणि कढईच्या आवाजात तिला

बेल वाजली. एकदाच. उठते.